शुद्ध जस्त आम्लात गप्प, मळकट जस्त मात्र फसफसतं. असं का?

मोरचूद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

प्रयोग नेहमीचाच. परीक्षानळीत विरल सल्फ्युरिक आम्ल, त्यात जस्ताचा तुकडा, बुडबुडे, आणि नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' असा आवाज. इतकी वर्षं डब्यातले जुने, करडे, मळकट खडे वापरत होतो. ते टाकल्या टाकल्या फसफसायचे. या वेळी नवीन जस्त आलं. बाटलीवर शुद्धता ९९.९९ टक्के लिहिलेली, तुकडे चकचकीत. मनात म्हटलं, आज मुलांना प्रयोग झकास दिसणार.

तुकडा टाकला आणि काहीच झालं नाही. नळी डोळ्यांजवळ धरली तेव्हा तुकड्याच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे पाच-सात बुडबुडे चिकटलेले दिसले, तेही वर यायला तयार नव्हते. शेजारच्या नळीत त्याच बाटलीतलं आम्ल आणि जुना मळका खडा घातला, तर तिथे जोरात वायू सुटत होता.

एका मुलीनं विचारलं, "बाई, शुद्ध जस्त जास्त चांगलं चालायला पाहिजे ना?" फळ्यावर मीच अभिक्रियाशीलता श्रेणी लिहून ठेवली होती. जस्त हायड्रोजनच्या वर, म्हणून ते आम्लातला हायड्रोजन बाहेर काढतं. शुद्ध जस्त काही श्रेणीतून खाली घसरलेलं नाही. मग झालं काय? मी तिला "उद्या सांगते" म्हटलं. एका ओळीचं उत्तर नकोय. मुळापासून समजून घ्यायचंय.

नवशिका

माझाही हाच गोंधळ आहे, फक्त धातू वेगळा. ॲल्युमिनियम श्रेणीत जस्ताच्या वर आहे, तरी हायड्रोक्लोरिक आम्लात पहिली काही मिनिटं ढिम्म असतं आणि मग एकदम खवळतं. धागा वाचतोय.

ब्युरेट

मोरचूदताई, तुमच्या विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या लोकांनी विचारला होता, हे तिला नक्की सांगा.

आधी श्रेणीचं बघू. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, इथेच सगळी गोम आहे. जस्ताचं प्रमाण विभव (ते जितकं उणे, तितका धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो) उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४, शिशाचं उणे ०.१३, हायड्रोजन शून्यावर, तांबं अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. हे आकडे सांगतात की पाणी कुठल्या बाजूला वाहील. उतार आहे की नाही, एवढंच. वाटेत बांध असेल तर उतार असूनही पाणी अडून राहतं. तो बांध केवढा आहे, हे श्रेणीला ठाऊक नसतं.

आता तुकड्याच्या पृष्ठभागावर जाऊ. तिथे दोन कामं एकाच वेळी चालतात. पहिलं, जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन होऊन द्रावणात जातो. दुसरं, द्रावणातले हायड्रोजन आयन येऊन ते इलेक्ट्रॉन उचलतात. पण आयनानं इलेक्ट्रॉन घेतला की लगेच बुडबुडा होत नाही. तयार झालेला एकटा हायड्रोजन अणू धातूच्या पृष्ठभागावर टेकलेला असतो. त्याला दुसरा अणू भेटला पाहिजे, दोघांचा रेणू झाला पाहिजे, असे असंख्य रेणू जमले पाहिजेत, तेव्हा कुठे बुडबुडा सुटतो. या कामाला पृष्ठभागाची मदत लागते, आणि जस्ताचा पृष्ठभाग या बाबतीत फारच नालायक. प्लॅटिनमवर हेच काम कोट्यवधी पटींनी सहज होतं. तांब्यावर आणि लोखंडावरही जस्तापेक्षा कितीतरी सोपं.

म्हणजे शुद्ध जस्तात इलेक्ट्रॉन द्यायची तयारी भरपूर आहे, पण घेणाऱ्याला उभं राहायला जागा नाही. मळकट खड्यात लोखंड, तांबं वगैरेंचे बारीक कण असतात. ते कण म्हणजे हायड्रोजनसाठी तयार घाट. जस्त एका जागी विरघळतं, इलेक्ट्रॉन धातूमधूनच त्या कणाकडे धावतात, आणि बुडबुडा कणावर तयार होतो. प्रत्येक मळकट खडा म्हणजे असंख्य छोट्या विद्युतघटांचा गठ्ठा. आग्युस्त द ला रीव्ह यांनी १८३० मध्येच हे ओळखलं होतं की जस्त जितकं अशुद्ध तितकं ते आम्लात लवकर विरघळतं, आणि त्याचं कारण विजेत आहे.

उद्या एक करून बघा. गप्प बसलेल्या शुद्ध जस्ताच्या नळीत मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणाचे चार थेंब टाका. (तुमचं नावच उपयोगी पडलं बघा.) जस्तावर तांब्याचा काळपट, भुसभुशीत थर चढेल आणि लगेच बुडबुडे धावायला लागतील.

टाकीवाला

ब्युरेट, अगदी पटलं. माझं आयुष्य पोलाद आम्लात बुडवण्यात गेलं. मुलामा द्यायच्या आधी त्यावरचा गंज आणि खपल्या काढायच्या असतात. आम्ही त्याला पिकलिंग म्हणतो. पुस्तकी भाषा मला जमत नाही, पण पृष्ठभागाचं हे म्हणणं मी रोज डोळ्यांनी बघतो.

जस्ताचा मुलामा चढवलेला जुना माल परत आला की तो हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून जस्त उतरवतो. त्याला घड्याळ लावावं लागत नाही. जस्त आहे तोवर टाकी उकळल्यासारखी असते. खालचं पोलाद उघडं पडलं की आवाज बदलतो, बुडबुडे एकदम मंद आणि बारीक होतात. कानानं कळतं. लगेच माल बाहेर काढायचा.

आता तुम्ही म्हणाल, पोलादालाही आम्ल खातंच की. खातं. म्हणून टाकीत संदमक घालतो. त्याचे रेणू उघड्या धातूला चिकटून बसतात, गंजाला चिकटत नाहीत. आम्ल गंज विरघळवतं आणि धातूपाशी येऊन थांबतं. ऐकायला जादू वाटते, पण शेवटी तोच खेळ: पृष्ठभागावर कोण बसलंय.

नवशिका

टाकीवालेकाका, लोखंड आणि हायड्रोक्लोरिक आम्लातून फेरिक क्लोराइड तयार होतं ना? परीक्षेत लिहिलं तर गुण कापले.

टाकीवाला

बरोबर कापले. फेरस क्लोराइड तयार होतं. ताज्या टाकीतलं द्रावण फिकट हिरवं दिसतं. हवा लागत राहिली की हळूहळू पिवळं-तपकिरी होतं, ते फेरिक. रंग आठव म्हणजे चुकणार नाहीस.

ब्युरेट

नवशिका, कारणही लक्षात ठेव. हायड्रोजन आयनाची ताकद लोखंडाचे दोनच इलेक्ट्रॉन काढण्यापुरती आहे. तिसरा काढायला ऑक्सिजन किंवा नायट्रिक आम्लासारखा जबरदस्त गडी लागतो.

आता तुझ्या ॲल्युमिनियमचं. त्याच्या अंगावर ऑक्साइडचं कवच असतं, जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर जाडीचं. पण घट्ट आणि सलग. आम्लाला आधी ते भेदावं लागतं. तू पाहिलेली पहिली काही मिनिटं त्यात जातात. कवच फाटलं की खाली खराखुरा ॲल्युमिनियम असतो, विभव उणे १.६६ व्होल्ट. अभिक्रियेतून उष्णता सुटते, उष्णतेनं वेग वाढतो, वेगानं आणखी उष्णता. म्हणून तो 'एकदम खवळतो'. पहिली दोन मिनिटं काही होत नाही म्हणून आणखी आम्ल ओतायचं नाही. नळीतून उसळून अंगावर येतं.

कवच फोडण्यात क्लोराइड आयनाचा हातखंडा. खात्री करायची असेल तर आम्लाचीही गरज नाही. ॲल्युमिनियमची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात ठेव, बराच वेळ फारसं काही होणार नाही. त्यात चिमूटभर मीठ टाक. थोड्याच वेळात पट्टीवर तांबूस थर चढायला लागेल आणि द्रावण कोमट होईल. धातू तोच, तांबं तेच, नवीन आलं ते फक्त क्लोराइड.

जुनी पानं

इतिहासाची थोडी भर घालते. लोखंडाचा कीस आणि आम्ल यांतून पेट घेणारा वायू निघतो, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६७१ मध्ये नोंदवलं होतं. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये जस्त, लोखंड आणि कथील घेऊन तो वायू गोळा केला, मोजला आणि ही एक स्वतंत्र हवा आहे असं दाखवलं. गंमत म्हणजे वायू धातूमधून येतो अशी त्यांची समजूत होती. तो आम्लातून येतो हे कळायला वेळ लागला. लाव्हाझिए यांना तर वाटत होतं की आम्लपणाचं मूळ ऑक्सिजन आहे. हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असं मांडलं, तेव्हा हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच हे स्पष्ट झालं. मग १८३८ मध्ये लीबिग यांनी व्याख्या केली: ज्यातला हायड्रोजन धातूनं हटवता येतो ते आम्ल.

म्हणजे आम्ल म्हणजे काय, हे माणसाला धातूनं शिकवलं. तुमच्या नळीतला प्रयोग ज्ञान तपासायला म्हणून नव्हता, ज्ञान तिथूनच आलं.

चंचुपात्र

सुंदर चर्चा. एक शंका: लोखंड आणि आम्लाच्या प्रयोगात घाण वास येतो. हायड्रोजनला वास नसतो ना?

ब्युरेट

शुद्ध हायड्रोजनला वास नाही. वास येतो तो लोखंडातल्या अशुद्धींचा. पोलादात कार्बाइड, सल्फाइड, फॉस्फाइड थोड्या प्रमाणात असतातच. आम्लात त्यांचे हायड्रोकार्बन, हायड्रोजन सल्फाइड, फॉस्फिन असे वायू होतात. आर्सेनिक असलेला धातू असेल तर आर्सिन निघतो, आणि तो प्राणघातक आहे. जस्त आणि आम्लातून आर्सेनिक शोधायची जेम्स मार्श यांची १८३६ ची विषपरीक्षा यावरच उभी आहे. म्हणून कुठला माहीत नाही असा भंगार धातू बंद खोलीत आम्लात टाकू नये. शिवाय हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात असला तरी पेटू शकतो. खिडक्या उघड्या, चष्मा डोळ्यांवर, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही.

मोरचूद (धागाकर्ती)

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार.

मोरचुदाचे थेंब टाकून पाहिले. निळा रंग बघता बघता विरला, जस्त काळं पडलं आणि बुडबुड्यांचा पूर आला. वर्गानं अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

पण त्यातून पुढचा प्रश्न निघाला. तांबं हायड्रोजनच्या खाली, म्हणून आम्लात विरघळत नाही असं मी शिकवते. मग नायट्रिक आम्लात तांबं कसं विरघळतं? तेव्हा मी "नायट्रिक आम्ल अपवाद आहे" म्हणून पुढे जाते. आता अपवाद हा शब्द वापरायला जीभ धजत नाही.

ब्युरेट

अपवाद नाहीच तो. तिथे इलेक्ट्रॉन घेणारा बदलतो, एवढंच.

हायड्रोक्लोरिक किंवा विरल सल्फ्युरिक आम्लात इलेक्ट्रॉन घ्यायला हायड्रोजन आयन असतो, त्याचं विभव शून्य. तांब्याचं ०.३४, म्हणून तांबं त्याला इलेक्ट्रॉन देत नाही. नायट्रिक आम्लात नायट्रेट असतं, आणि ते नायट्रिक ऑक्साइड होताना विभव सुमारे ०.९६ व्होल्ट. त्याच्यापुढे ०.३४ चं तांबं टिकत नाही आणि ०.८० ची चांदीही टिकत नाही. सोन्याचं विभव साधारण १.५०, ते टिकतं. एकाच आकड्यांच्या ओळीत तिघांचं उत्तर आहे.

हायड्रोजन आयन तिथेही असतात, पण नायट्रेट त्यांच्या आधी इलेक्ट्रॉन पळवतं, म्हणून सहसा हायड्रोजन निघत नाही. आम्ल १-२ टक्के इतकं विरल असेल आणि धातू मॅग्नेशियम किंवा मँगनीज असेल तरच तो दिसतो. बाकी कोणता वायू निघणार हे आम्लाच्या तीव्रतेवर ठरतं. संहत आम्लात तांब्याच्या एका अणूमागे नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू, तोच लालसर तपकिरी धूर. विरल आम्लात नायट्रिक ऑक्साइड. तो स्वतः रंगहीन, पण नळीच्या तोंडाशी हवा लागली की तपकिरी होतो. हे दृश्य नीट पाहिलंत तर दिसतं: तळाशी वायूला रंग नाही, वर मात्र आहे. अतिविरल नायट्रिक आम्लात जस्त टाकलं तर नायट्रेटचं क्षपण पार अमोनियापर्यंत जातं आणि अमोनियम नायट्रेट तयार होतं. नायट्रोजनच्या एका अणूवर आठ इलेक्ट्रॉन चढतात!

तांब्याबद्दल आणखी एक. हायड्रोक्लोरिक आम्लात तांबं सुरक्षित असतं ते हवा नसेल तोवर. हवेतला ऑक्सिजन विरघळला की तोच इलेक्ट्रॉन घेतो आणि तांबं हळूहळू हिरवट होऊन विरघळायला लागतं. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं तर झरझर. सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं असंच काढतात. म्हणून "तांबं आम्लात विरघळत नाही" हे वाक्य अर्धंच आहे. "तांबं हायड्रोजन आयनाला इलेक्ट्रॉन देत नाही" असं शिकवा, मग काहीच अपवाद म्हणून सांगावं लागत नाही.

मोरचूद (धागाकर्ती)

हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

जुनी पानं

तांबं आणि नायट्रिक आम्ल म्हटलं की मला आयरा रेम्सेन आठवतात. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आपली आठवण सांगून ठेवली आहे: तरुणपणी पुस्तकात नायट्रिक आम्लाची तांब्यावर क्रिया होते असं वाचलं, क्रिया म्हणजे काय ते बघायला तांब्याच्या नाण्यावर आम्ल ओतलं, नाणं फेसाळलं, धूर निघाला, घाबरून नाणं बोटांनी उचलून फेकायला गेले तर बोटं भाजली, ती विजारीला पुसली तर विजारीलाही भोकं पडली. मग त्यांना पुस्तकात न लिहिलेला धडा मिळाला, की रसायन शिकायचं तर प्रयोगशाळेतच.

कसोटी

सोन्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. 'कसाला उतरणं', 'कस लागणं' हे शब्द आपण रोज वापरतो, पण मूळ प्रकार फार कमी जणांनी पाहिलेला असतो. काळ्या दगडावर दागिना घासायचा, सोनेरी रेघ उमटते. शेजारी ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ ओढायची. दोन्हींवर आम्लाचा थेंब. पितळ असेल तर रेघ हिरवट फेस येऊन पुसली जाते. हलकं सोनं फिकं पडतं. चोख सोन्याची रेघ तशीच राहते. मी हे भिंगातून बघायला शिकलो. रेघ एकदम जात नाही, कडेकडेनं विरत जाते, आणि किती वेळात विरते त्यावरून कस कळतो.

सोनं आणि चांदी वेगळी करायची तर नायट्रिक आम्ल. चांदी विरघळते, सोनं मागे राहतं. पण मिश्रणात सोनं जास्त असेल तर ते चांदीभोवती तट करून उभं राहतं आणि आम्ल आत पोचत नाही. म्हणून मुद्दाम आणखी चांदी मिसळून वितळवतात, एक भाग सोनं आणि तीन भाग चांदी होईपर्यंत. सोनं शुद्ध करायला आधी त्यात चांदी घालावी लागते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

आणि आम्लराज: तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक, एक भाग संहत नायट्रिक, ताजं मिसळलेलं. दोन्ही आम्लं एकेकटी सोन्याला हात लावू शकत नाहीत. एकत्र आली की सोनं विरघळतं. हे कसं, ते ब्युरेट सांगतील.

ब्युरेट

आधी सांगितलं की नायट्रेट ०.९६ आणि सोनं १.५०, म्हणून नायट्रिक आम्लाचा पाड लागत नाही. क्लोराइड काय करतं, तर सुटलेल्या सोन्याच्या प्रत्येक आयनाला चौघं मिळून घट्ट धरून ठेवतं. आयन मोकळा राहिलाच नाही, तर त्याला परत धातू व्हायला वाव मिळत नाही. आकड्यांत सांगायचं तर क्लोराइडच्या सोबतीनं सोन्याचं विभव १.५० वरून १.०० च्या आसपास उतरतं. आता ते संहत नायट्रिक आम्लाच्या टप्प्यात आलं. शिवाय मिश्रणात क्लोरीनही तयार होतो, तो वेगळा हातभार लावतो.

चांदीची गंमत उलटी. नायट्रिक आम्लात ती सहज विरघळते, पण आम्लराजात तिच्यावर न विरघळणाऱ्या सिल्व्हर क्लोराइडचा थर बसतो आणि काम थांबतं. सोन्याला विरघळवणाऱ्या आम्लात चांदी तगते. श्रेणी घोकून हे कुणाला सुचलं असतं?

जुनी पानं

आम्लराजाची एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत मॅक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रँक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं सांभाळायला ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली. जॉर्ज द हेवेशी यांनी ती आम्लराजात विरघळवून टाकली. सोनं इतकं हट्टी की फार वेळ लागला. ते नारिंगी द्रावण फळीवर बाटल्यांच्या गर्दीत उभं राहिलं आणि झडती घेणाऱ्यांच्या नजरेस पडलं नाही. युद्धानंतर हेवेशी परतले तर बाटली तिथेच. त्यातून सोनं परत धातूच्या रूपात काढलं, स्टॉकहोमला पाठवलं, आणि त्याच सोन्याची पदकं पुन्हा घडवून दिली गेली.

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा अंगावर काटा येतो.

टाकीवाला

माझ्याही अंगावर आला.

आता मी माझ्याकडचं कोडं टाकतो. संहत सल्फ्युरिक आम्ल, ९८ टक्क्यांचं, साध्या पोलादाच्या टाकीत ठेवतात. वर्षानुवर्षं राहतं. तेच आम्ल पाणी घालून विरल केलं तर ती टाकी खाऊन टाकेल. नवीन पोरांना सांगितलं की ती माझ्याकडे बघत राहतात: जास्त तीव्र आम्ल चालतं आणि कमी तीव्र चालत नाही?

कारण असं की संहत आम्लात पोलादावर आयर्न सल्फेटचा थर बसतो, आणि त्या आम्लात तो विरघळत नाही. थर मऊ असतो मात्र. नळीतून आम्ल जोरात वाहिलं तर धुऊन निघतो, म्हणून पोलादी नळीतला वेग सेकंदाला एक मीटरच्या आतच ठेवतात. कधी टाकीच्या भिंतीवर हायड्रोजनचे बुडबुडे एकाच वाटेनं वर चढत राहतात आणि त्या वाटेवर थर खरवडून खोल चर पाडतात. मी अशी भिंत पाहिली आहे, नखानं ओरबाडल्यासारखी.

सगळ्यात धोक्याची वेळ टाकी धुताना येते. तळाशी राहिलेलं आम्ल पाण्यानं विरल होतं, पोलादाला खायला लागतं, आणि बंद टाकीत हायड्रोजन भरतो. वरून कुणी वेल्डिंगची ठिणगी पाडली तर संपलं. अशा स्फोटांत माणसं गेली आहेत. टाकी "रिकामी" आहे हे शब्द ऐकले की मी आधी वायू मोजायला लावतो.

ब्युरेट

टाकीवाल्यांच्या कोड्याचं सख्खं भावंड म्हणजे लोखंड आणि संहत नायट्रिक आम्ल. विरल नायट्रिक आम्लात खिळा टाकला तर तपकिरी धूर निघतो. संहत आम्लात टाकला तर क्षणभर खळबळ आणि मग शांत. एवढ्यावर थांबत नाही. तोच खिळा अलगद काढून विरल आम्लात ठेवला तरी तो शांतच राहतो, मोरचुदाच्या द्रावणात बुडवला तरी त्यावर तांबं चढत नाही. आणि मग त्याला एक ओरखडा काढला किंवा तांब्याच्या तारेचा स्पर्श केला की आम्लात एकदम भडका उडाल्यासारखी अभिक्रिया सुरू होते. जेम्स केअर यांनी हे १७९० मध्ये लिहून ठेवलं. १८३६ मध्ये शोनबाइन आणि फॅरेडे यांचा यावर पत्रव्यवहार झाला आणि फॅरेडे यांनी अगदी पातळ ऑक्साइड थराची कल्पना मांडली. थर डोळ्यांना दिसत नाही, पण लोखंड सोन्यासारखं वागायला लागतं.

स्टेनलेस स्टील म्हणजे हीच अवस्था कायमची करून ठेवलेली. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की ओरखडा पडला तरी हवेत थर आपोआप भरून येतो. नायट्रिक आम्ल तर या थराला बळच देतं. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र तो फोडतं, पुन्हा तेच क्लोराइड.

शिशाचीही तीच कथा. ते हायड्रोजनच्या वर असूनही विरल सल्फ्युरिक आम्लात टिकतं, कारण लेड सल्फेटचा न विरघळणारा थर बसतो. १७४६ पासून सल्फ्युरिक आम्ल बनवायला शिशाच्या खोल्या वापरत आले ते याच जोरावर. शिवाय शिशाचा पृष्ठभाग हायड्रोजन बनवण्यात जस्तासारखाच आळशी. गाडीच्या बॅटरीत शिसं आम्लात बुडलेलं असतं आणि तरी बॅटरी महिनोन्‌महिने टिकते, त्यामागे हा आळस आहे.

टाकीवाला

एकट्या हायड्रोजन अणूबद्दल वर लिहिलंत, त्यावर एक अनुभव. पहिल्या काही वर्षांतला. जास्त ताकदीचे बोल्ट आम्लात साफ करून मुलामा दिला, सगळं चकाचक. संध्याकाळी घट्ट आवळले. सकाळी आलो तर तीन बोल्टांची डोकी जमिनीवर पडलेली, एखाद्यानं करवतीनं कापावीत तशी. रात्री कुणी हातही लावला नव्हता.

थोरल्या मिस्त्रींनी समजावलं. आम्लात तयार झालेले सगळेच हायड्रोजन अणू जोडी करून बुडबुड्यात जात नाहीत. काही एकेकटे पोलादात शिरतात. अणू इतका लहान की त्याला पोलाद म्हणजे मोकळं रान. ताण आला की ते ताणाच्या जागी गोळा होतात आणि धातू ठिसूळ होतो. उपाय म्हणजे मुलामा झाल्यावर काही तासांच्या आतच माल भट्टीत १९० ते २२० अंशांवर बराच वेळ तापवायचा, म्हणजे हायड्रोजन बाहेर निघतो. त्या दिवसापासून माझी एकही खेप भट्टीशिवाय बाहेर गेलेली नाही.

नवशिका

एक छोटा प्रश्न राहिला. असेटिक आम्ल सौम्य आहे, म्हणजे त्यातून हायड्रोजन कमी निघतो का?

ब्युरेट

हळू निघतो, कमी नाही. सारख्याच रेणुतेचं, सारख्याच आकारमानाचं हायड्रोक्लोरिक आणि असेटिक आम्ल घे, दोन्हींत मॅग्नेशियमची सारखीच फीत टाक. एकीकडे काही सेकंदांत काम संपेल, दुसरीकडे रेंगाळत चालेल. शेवटी गोळा झालेला वायू सारखाच. असेटिक आम्लाचे फार थोडे रेणू एका वेळी आयन सोडतात, पण ते आयन खर्च झाले की पुढचे सुटतात.

मोरचूद (धागाकर्ती)

आजचं सांगते आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला असं म्हणते.

मोरचुदाऐवजी आज तांब्याची तार घेतली. चंचुपात्रात विरल सल्फ्युरिक आम्ल, तळाशी शुद्ध जस्त, नेहमीप्रमाणे गप्प. शेजारी तार सोडली, तीही गप्प. मग तारेचं टोक जस्ताला टेकवलं. बुडबुडे आले, पण तारेवर! पूर्ण तार पांढुरक्या फेसानं भरली आणि जस्तावर जवळपास काही नाही.

"बाई, तांबं विरघळतंय!" असा गलका झाला. म्हटलं, वजन करा. तार धुऊन, पुसून तराजूवर ठेवली: आधी जेवढी होती तेवढीच. जस्त मात्र हलकं झालेलं. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ चंचुपात्राकडे बघत बसली आणि म्हणाली, "मग इलेक्ट्रॉन तारेतून जातायत." मी काहीही सांगितलं नव्हतं. मग तिनंच विचारलं, तार आणि जस्त आम्लाच्या बाहेर जोडले तरी चालेल का. जोडून पाहिलं. चाललं. मध्ये गॅल्व्हानोमीटर लावला तर काटा हलला.

तार उचलली की बुडबुडे थांबतात, टेकवली की सुरू होतात. मागच्या बाकावरच्या एका मुलानं ती तार चाळीस वेळा तरी उचलून टेकवून पाहिली. तास संपल्याची घंटा झाली होती. मी त्याला थांबवलं नाही.